तीन नंबरची खोली

उद्घाटनाच्या आदल्या रात्री
मालकांनी सगळ्या कामकऱ्यांना बोलावलं,
जोडीनं राहा म्हणाले, एक रात्र, पाहुण्यागत.
सुतार आला, नळवाला संतू आला,
आणि मी, गिलाव्याचा भरमा.
चिठ्ठ्या काढल्या. मला तीन नंबर.

टेबलावरचा पोरगा कानडीत लिहीत होता:
नाव, गाव, माणसं किती.
'येण्याचं कारण' ह्या रकान्यापाशी
तो थांबला. मीही थांबलो.
आमचं घर इथनं चार गल्ल्या.
मग त्यानंच लिहून टाकलं, प्रवास.
शब्द दोन्हीकडं एकच,
मी खाली मराठीत सही केली.

ही मिरचीची खोली.
आढ्यापर्यंत पोती असायची, संकेश्वरी,
लांब, सुरकुतलेली, काळपट लाल.
जुना गिलावा खरवडला त्या दिवशी
भिंतीनं साठ वर्षांचा खाट सोडला,
आणि आम्ही सहा बापई
रस्त्यावर येऊन रडत बसलो.
शाळेची पोरं बघत होती.

मग चुना भिजवला, एकवीस दिवस.
गूळ, हिरड्याचं पाणी, बेलफळाचा गर,
हिरण्यकेशीची वाळू दोनदा चाळून.
खिडकीच्या डाव्या अंगाला
थापी जरा घसरली होती,
तिथं बोटभर फुगवटा आहे.
इंजिनिअरला दिसला नाही.
मी दिवा घालवला तरी मला दिसतो.

लगमव्वा पलंगाच्या काठावर बसून होती.
दोघांना चार उशा कशाला?
दोन जादाच्या. पाहुण्यांना.
मग पाहुणं कोण? म्हणाली,
आणि दोन उशा उचलून
खुर्चीवर नीट बसवून ठेवल्या,
जणू त्यांनाही कुठनं तरी आल्याचा शीण असावा.

रात्री दोनला तिला शिंक आली.
मग आणखी तीन.
काय की, खाट आल्यागत वाटतोय.
मी भिंतीवर तळवा ठेवला.
गार, कोरडी, माझ्याच हाताची.
चुना श्वास घेतो, सिमेंट नको,
असं मीच मालकांना पटवलं होतं.
घेतलेला श्वास तो कधीतरी सोडणार,
एवढंच सांगायचं राहिलं.

पहाटे तिनं चादरीच्या घड्या घातल्या,
न्हाणीघर धुऊन काढलं,
साबणाची वडी मात्र उचलली, न फोडलेली.
मालक ओट्यावर चहा पीत होते.
झोप लागली का?
लागली की, म्हणाली,
येणाऱ्यांना रुमाल द्या तेवढा.
ते हसले. त्यांना वाटलं, चेष्टा.

पोरानं जाण्याची वेळ लिहिली, सहा दहा.
सव्वासहाला आम्ही आमच्या दारात.
दूधवाला किटली घेऊन उभा,
कुठं गेलता ओ रातभर?

लगमव्वानं कुलूप काढलं.
गावाला, म्हणाली.