मानस

सोमवार, पहिली पाळी. वेंगुर्ल्याच्या डायलिसिस वॉर्डात
सहा खाटा, सहा मशिनं, आणि नवीन मी.
बर्था सिस्टर वही उघडू देत नाही.
"हात मागे ने. शेवटच्या बरगड्यांपाशी, कण्याच्या दोन्ही अंगांना.
उजवं जरा खाली. वर यकृत बसलंय ना, जागा धरून."
मी ऍप्रनवरून चाचपते. हाताला काही लागत नाही.
"नाहीच लागणार. ती बिचारी आपण आहोत हे कळवत नाहीत.
बिघडली तरी बराच काळ कळवत नाहीत, एवढं लक्षात ठेव."

काट्यावर सगुण आरोलकर.
एकोणसाठ किलो चारशे. कोरडं वजन छप्पन.
तीन लिटर चारशे मिली, शुक्रवारपासूनचं,
पायांत, डोळ्यांखाली, थोडं छातीत.
"काका, इतकं पाणी आलं कुठून?"
"दर्यातसून. आणि खयसून येतला?"

शिरोड्याच्या मिठागरात चाळीस वर्षं.
बांधाच्या पोटात लाकडी दार असतं. त्याला म्हणतात मानस.
भरतीला आत घ्यायचं, ओहोटीला सोडायचं,
वाफ्यात राहायला हवं तेवढंच राहू द्यायचं.
ते दार तो उघडायचा, चंद्र बघून.

बर्था सिस्टर ऐकत असते, हातात सुई.
"हे लिही," म्हणते. "एका मूत्रपिंडात अशी दहा लाख दारं.
प्रत्येकाच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा गुंता,
रापणीच्या जाळ्यात पडतो तसा, फक्त हा सोडवायचा नाही.
दिवसाला एकशे ऐंशी लिटर गाळलं जातं.
बाहेर किती जातं?"
"दीड."
"बाकीचं?"
"नळ्या परत घेतात."
"हं. गाळायला काय, चहाची गाळणीही गाळते.
परत काय घ्यायचं हे कळणं,
ते मूत्रपिंड."

डाव्या हातावर फिस्टुला. मी बोटं टेकवते.
थरथर. लांबच्या होडीचं इंजिन
पाण्यातून पायाला लागावं तशी.
या हाताला बीपीचा पट्टा नाही, घड्याळ नाही, कळशी नाही.

दारं एका रात्रीत पडली नाहीत त्याची.
पंधरा वर्षं साखर. वर रक्तदाब.
लघवीला फेस आला तेव्हा म्हणाला,
फेस तर दर्यालाही येतो.
मग तोंडात लोखंडाची चव, अंगभर खाज,
बांगडा समोर आणि भूक नाही.
रक्त फिकं होत गेलं,
कारण हाडांना 'रक्त बनवा' असा निरोप
धाडणारं कुणी उरलं नव्हतं.

आता शहाळं नाही, केळं नाही,
हापूसची एक फोड, तीही सिस्टरच्या नजरेआड.
ज्यानं मिठाचे ढीग ओढले
त्याच्या पेजेत मीठ चिमटीत मोजून.
खिडकीत समुद्र, आणि घरी स्टीलच्या तांब्यावर
सुनेनं नेलपॉलिशनं ओढलेली रेघ:
इथपर्यंतच.

तिसऱ्या तासाला तो जांभई देतो. मग अजून एक.
मला वाटतं, पहाटेची एसटी धरून आलाय, झोपू दे.
बर्था सिस्टर तीन खाटा ओलांडून येते.
पाणी ओढणं बंद. पाय वर. सलाईन.
बीपी ऐंशी. माझे हात गार.
"जांभई वाचायला शीक," एवढंच म्हणते, मोठ्यानं नाही.
थोड्या वेळानं काका डोळे उघडतो,
माझ्याकडे बघतो, मशीनकडे बघतो.
"एकदम उघडूचा नसता गे बाय," म्हणतो.
"बांध खचता."

बाराला वजन छप्पन दोनशे.
दोनशे मिली राहून गेलं. राहू दे, म्हणाली सिस्टर,
बुधवारी बघू.
तो छत्रीचा आधार घेत पायऱ्या उतरला.

रात्री हॉस्टेलवर मी एका दमात तांब्याभर पाणी प्यायले.
कुठं रेघ नव्हती.
पहाटे मोरीकडे जाताना अंधारात थांबले थोडी.
आत, पाठीच्या बाजूला,
कुणीतरी न सांगता
दार उघडलं होतं.