खिळ्यांचा हिशोब

भांडुपची वन आरके घेतली तेव्हा
हप्ता आठ हजार सहाशे पंच्याऐंशी,
भाडं साडेपाच हजार.
मधले एकतीसशे पंच्याऐंशी
मी पगारातून घालत राहिले,
पाण्यात दूध घालावं तसे.
पतपेढीत सतरा वर्षं दुसऱ्यांची कर्जं लिहिलेली,
स्वतःच्या फॉर्मवर मात्र
बॉलपेन दोनदा अडखळलं.
पाटल्या गहाण होत्या. जयवंत काही बोलला नाही,
माझ्या मनगटाकडे बघून एवढंच म्हणाला,
'घड्याळ तरी घाल.'

पाचव्या वर्षी भाडं हप्त्याच्या पुढे गेलं.
त्या रात्री पावशेर श्रीखंड आणलं,
कारण कुणाला सांगितलं नाही.
मग बँकेनेच फोन केला, मॅडम, टॉप-अप.
टॉप-अपवर कांजूरमार्ग,
कांजूरच्या भाडेकराराची झेरॉक्स जोडून दहिसर.
घराला घर तारण, थरावर थर,
आणि सगळ्यात खाली मी.
वर कोण चढतंय
ते खालच्या थराला दिसत नाही,
फक्त वजन कळतं, पाच तारखेला.

दहिसर दोन महिने रिकामं होतं.
एजंट दरेकर म्हणाला, 'पार्टी आहे, पण…'
त्याचा 'पण' कमिटीच्या सामंतांनी पुरा केला,
'राऊळबाई, नाव बघून ठेवा.'
नाव बघितलं. इर्शाद मुकादम, एसी दुरुस्ती,
बायको, सहा महिन्यांचं बाळ.
मग पासबुक बघितलं.
मग चावी दिली.
लोक म्हणतात, धीट आहात हो.
मी हप्ता म्हणते,
त्यांना धीट ऐकू येतं.

भाडेकरू गेला की मी भिंती तपासते.
खिळ्यामागे पन्नास रुपये,
करारात कलमच आहे, मीच घालायला लावलेलं.
कांजूरच्या पिल्लेबाईंनी जाताना
एकोणीस भोकं टूथपेस्टने बुजवली होती.
बोट फिरवलं, पुदिन्याचा वास आला.
हसू आलं.
तरी साडेनऊशे कापले.

आम्ही टिळकनगरला राहतो. भाड्याने.
मालक पुण्यात, दर अकरा महिन्यांनी
फोनवर प्रकृती विचारतो आणि दहा टक्के वाढवतो.
आमच्या भिंतीत एकही खिळा नाही.
कॅलेंडर फ्रीजला चिकटवलेलं,
सासऱ्यांचा फोटो कपाटावर टेकवलेला,
पंखा पाचवर गेला की ते पालथे पडतात.
मुलीला आरसा लावायचाय.
'डबल टेप आण,' मी सांगते.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, आई म्हणायची.
मी अंथरूणच भाड्याने दिलं,
आणि पाय पोटाशी घेऊन निजले.

भांडुपचं कर्ज मार्चमध्ये फिटलं.
काल ते घर रिकामं झालं.
दरेकरची वाट बघत एकटीच बसले होते, लादीवर.
ओट्याच्या वर एक खिळा राहून गेलेला,
थोडा वाकडा, गंजका.
त्याला पर्स अडकवली.
बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले.
माझ्या घरात माझी वस्तू
पहिल्यांदाच भिंतीवर.

दरेकर नवं जोडपं घेऊन आला.
मुलीने खिडकी उघडून बघितली,
नळ सोडून बघितला,
मग हळूच विचारलं,
'काकू, खिळा ठोकला तर चालेल?'

मी पर्स काढून खांद्याला लावली.
'हा एक आहेच,' म्हटलं,
'पुढचे पन्नास रुपयांना.'