लपवलेला रकाना

तांडेलबाईंनी पेनड्राइव्ह दिला
तो कुंकवाच्या डबीत घालून.
म्हणाल्या, "ह्यांचं सगळं ह्यात आहे,"
आणि डबी परत मागितली.

चेंबूर, टिळकनगर, इमारत एकसष्ट.
चोवीस बिऱ्हाडं, एक लिफ्ट,
आणि खजिनदार आता मी,
कारण सभेत मी खोकले तो होकार धरला गेला.

विमा कंपनीत सव्वीस वर्षं टंकलेखन केलं.
एक्सेल म्हणजे मला रेघा मारलेला कागद.
बेरीज कॅल्क्युलेटरवर करायची
आणि चौकटीत नेऊन ठेवायची,
हातात पाणी न्यावं तशी जपून.

मग शिकत गेले. या वयात बोटांना भूक लागली.
वरची ओळ गोठवता येते:
कितीही खाली उतरा, मथळे डोक्यावर.
एफ-फोर दाबलं की डॉलरचे खिळे बसतात,
मग सूत्र कुठंही न्या, पत्ता हलत नाही.
कंट्रोल आणि खालचा बाण:
थेट तळाला, आमच्या लिफ्टच्या आधी.
आणि मेल मर्ज! नोटीस एकच लिहायची,
ती चोवीस दारांना
ज्याच्या त्याच्या नावानं हाक मारते.
रात्री माहुलकडून रिफायनरीचा वास आला
की खिडकी लावायची, पुढचा धडा काढायचा.

थकबाकीदार लाल दिसावेत, म्हटलं, नियम घालू.
तर नियम होताच. तांडेलांचा.
फक्त तीनशेदोनची सात महिन्यांची बाकी
पांढरीशुभ्र.
चारशेएकचीही.
चुकला बिचारा, म्हणत मी दुरुस्तीला बसले.
नियमात लिहिलं होतं:
बाकी शून्याच्या वर असेल
आणि जी रिकामा असेल, तरच लाल.

जी?
पडद्यावर एफच्या शेजारी एच.
महिनाभर बघत होते,
पण एबीसीडी कोण मोजत बसतं.

दोन्ही रकाने धरले, माउसचं उजवं बटण, अनहाइड.

३०२ सलढाणा. दुबईची नोकरी गेली.
आईला माहीत नाही. दारावर नोटीस लावू नये.
४०१. डायलिसिस, मंगळवार-शुक्रवार. मार्चपर्यंत थांबणे.
१०१ मोमीन. मुलीची फी आधी. देतील, नेहमी देतात.
२०३.

२०३ म्हणजे मी.
तारीख सहा वर्षांपूर्वीची.
"मिस्टर गेल्यापासून मोठ्यानं बोलते. ऐकून घेणे.
दोन महिने आठवण करू नये."

मला वाटायचं,
तेव्हाही मी वेळेवरच भरत होते.

किती भांडले होते मी या माणसाशी!
पाण्याच्या टाकीवरून, पार्किंगच्या पट्ट्यांवरून,
एकदा तर पावतीवरच्या वेलांटीवरून.
तो चष्मा पुसायचा. मला वाटायचं, बावळट आहे.

मग खाली आले, त्याच्याच ओळीवर.
१०४. शेवटचे पाच महिने बाकी.
जी रिकामा.
टाटामधल्या फेऱ्यांचा तिथं एक शब्द नाही.
आख्ख्या फाइलीत
सगळ्यात लाल घर खजिनदाराचं.

मेल मर्जला आता एक अट जोडली आहे:
जी भरलेला असेल तर पान गाळ.
अट घालायला दोन मिनिटं लागली.
पण एकशेचारच्या चौकटीत कर्सर
लुकलुकत राहिला, लुकलुकत राहिला.
मिनिटाला चाळीस शब्द टंकणारी मी,
चार शब्दांना
पावणेबारा वाजवले.

एंटर दिलं. लाल गेला.
सेव्ह केलं, आणि जी पुन्हा मिटला:
एफच्या शेजारी एच येऊन उभा,
जसं मधल्या खोलीत
कुणी राहतच नाही.