एकास नऊ

पुस्तिका गुळगुळीत होती, आणि जड.
तिसऱ्या पानावर एक झाड, पिवळंधमक,
गवतावर नऊ जण, मधोमध एक बाई
हातात दगड धरून काहीतरी सांगणारी.
खाली छापलेलं : एकास नऊ.
आई शाळेची बस लावून आली होती.
बूट न काढता, उभ्याउभ्याच तिनं ते पान पाहिलं
आणि म्हणाली, आइली, इथे तुला कुणी हरवू देणार नाही.

बाबा बोलले नाहीत.
सत्तावीस वर्षं लोखंडाच्या खाणीत काढलेला माणूस.
दगडावर नुसतं बोलायचे पैसे मिळतात
याचंच त्यांना नवल.

दुरून डोंगर साजरे म्हणावं, तर आयोवात डोंगरही नाहीत.
मका, मक्यानंतर सोयाबीन, मग धान्याची एक उंच कोठी,
मग आमचं कॉलेज.
रात्री दोन दहाला मालगाडी जाते.
थांबत नाही.

पहिल्याच शरदात कळलं, झाड गिंकोचं आहे, आणि मादी.
फळं पडतात, बुटांखाली फुटतात,
अख्ख्या हिरवळीला ओकारीचा वास.
त्या झाडाखाली कुणीच बसत नाही.

मला वाटलं होतं, इथे रात्र रात्र भांडतील
चांगलं म्हणजे काय, यावर.
भांडतात, पण कुणाच्या तळ्याकाठच्या घरी सुट्टीत जायचं यावर.
इथे सगळे सगळ्यांना ओळखतात,
म्हणजे मी एकटी जेवते
हेही सगळ्यांना ठाऊक.

एक लिंडक्विस्टबाई होत्या.
त्या बोलताना दगडाकडे बघायच्या, आमच्याकडे नाही,
आणि तरी वाटायचं, आपल्यालाच विचारतायत.

दुसऱ्या वर्षी, फेब्रुवारीत, पत्र आलं.
भूशास्त्र बंद, जर्मन बंद, तत्त्वज्ञान अर्धं.
पत्रात 'वारसा' हा शब्द चार वेळा होता, मी मोजला.
बाईंचे खण रिकामे करायला मी गेले.
तीनशे एक्काहत्तर नमुने, प्रत्येकावर त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी.
खोकी कुठे जाणार, त्यांनाही माहीत नव्हतं.
एक तांबडा-काळा पट्ट्यांचा तुकडा त्यांनी माझ्या हातात ठेवला :
तुझ्या गावचा आहे. जवळजवळ दोनशे कोटी वर्षांचा.
मग नाक पुसलं, म्हणाल्या, धूळ फार आहे इथे.

मी राहिले. का, विचारू नका.
कर्ज तर दोन्हीकडे सारखंच चढतं.
माझ्या नव्या वर्गात चौतीस जण आहेत.

ऑक्टोबरात प्रवेश-कार्यालयाचा ऑर्सन कॅमेरा घेऊन आला.
नवी पुस्तिका निघायची होती. चाळीस डॉलरचं कुपन.
आम्ही नऊ जण झाडाखाली, श्वास रोखून.
मधोमध हिशेब खात्याच्या मिसेस ट्रुएक्स,
कारण त्यांचा स्वेटर बाईंसारखा होता.
ऑर्सन म्हणाला, दगड आहे का कुणाकडे?

माझ्या खिशात होता.
मी दिला.
त्यांनी तो उलटा धरला, चिठ्ठी वर.
हसा, ऑर्सन म्हणाला. आम्ही हसलो.
वास फोटोत येत नाही.

जानेवारीत आईचा फोन.
पुस्तिका फ्रिजवर लावलीये म्हणाली, बाबा रोज बघतात.
झाड किती सुंदर आहे गं!
हो, म्हटलं. थोडेच दिवस असतं तसं.

त्याच आठवड्यात मी कॉलेज बदलण्याचा अर्ज मागायला गेले.
मिसेस ट्रुएक्स फोनवर होत्या.
टेबलावर थकलेल्या फियांची चळत,
तिच्यावर माझा दगड.

मी उचलला. त्यांनी मान वर केली नाही.
कागद उडाले नाहीत.
तिथल्या खिडक्या बंदच असतात.