बादली

अत-बाशीच्या मैदानावर भर दुपारी
बोकडाचं बिनमुंडक्याचं धूड निसटलं,
त्याच्यासाठी दोन घोडे एकमेकांत घुसले
आणि धुरळा बसला तेव्हा
एकच पोरगा उठून उभा होता,
तोही वाकडा.

कुबात. वय एकोणीस.
डाव्या हातानं उजवा हात असा सांभाळत आला
जसं कोणी दुसऱ्याचं तान्हं मूल आणतं.
खांद्याची गोलाई गेलेली,
तिच्या जागी टेबलाचा कोपरा,
आणि पुढे, कातडीखाली,
एक गोळा, जिथं काहीच असू नये तिथं.

मागोमाग त्याचा बाप, असानकुल.
या खोऱ्यातली अर्धी हाडं त्यानंच बसवलीत,
माझा अंगठासुद्धा, मी सात वर्षांची असताना.
बाह्या सारत म्हणाला, सरक, बुरुल,
काखेत टाच, एक हिसका, मिटलं.

मी म्हटलं, थांब.
हा एक शब्द शिकायला
मी बिश्केकला सहा वर्षं काढली.

आधी मनगट. नाडी घाबरलेली, पण शाबूत.
बोटं हलव. हलवली.
मग दंडावर, अगदी वर,
जिथं शिपायांच्या गणवेशाला बिल्ला शिवतात,
तिथं कापसाचा बोळा फिरवला.
कळतंय?
मी पुन्हा फिरवला.
"एजे, सुरू कर ना एकदाचं," तो म्हणाला.

असानकुलचे हात तेव्हा खाली आले.
चाळीस वर्षं तो हाडांशी बोलला होता,
कातडीला काही विचारायचं असतं
हे त्याला ठाऊक नव्हतं.
मी कागदावर लिहिलं:
तीन वाजून दहा. बिल्ल्याच्या जागी बधिर.
हात लावण्यापूर्वी.

एक्स-रेचं यंत्र चालतं जनरेटरवर
आणि जनरेटर चालतो झाकीपच्या मर्जीवर.
तेवढ्यात दुसरा आणला, स्ट्रेचरवर, नुरसेयित,
गप्प, कण्हतही नव्हता.
हासळीचं हाड मधोमध मोडलेलं;
तुकडा आतून कातडीला तंबूच्या खांबासारखा टेकलेला
आणि टोकाला कातडी पांढरी पडत चाललेली.
त्याची आई म्हणाली, हासळीच ना, झोळीत बरी होते,
माझ्या भावाची झाली होती.
होते. बहुतेकांची होते, गाठ ठेवून.
ही नाही होणार.
जीप नारिनला निघाली तेव्हा ती माझ्याकडे
चोराकडे बघावं तशी बघत होती.

फिल्म आली. कुबातचं हाड अखंड,
नुसतं उखळीबाहेर.
चिरलं असतं तर तुझ्या हिसक्यानं काय झालं असतं,
हे मी असानकुलला सांगितलं नाही.
तो फिल्म उजेडाकडे धरून
बराच वेळ उभा होता.

सुई दिली. पोराला पालथं निजवलं,
हात खाटेखाली मोकळा सोडला,
मनगटाला रुंद पट्टा, पट्ट्याला रिकामी बादली.
आणि बापाच्या हातात दिला
चहाचा पेला.
एक पेला ओत. थांब.
तो श्वास सोडेल, मग दुसरा.

हिसके देणारा माणूस
पाणी ओतत होता.
अकरावा पेला, बारावा,
बाहेर लोक अजून धावसंख्येवर भांडत होते.
सोळाव्याला कुबात बोलता बोलता,
घोड्याच्या पुढच्या नालाबद्दल काहीतरी,
अर्ध्यावर थांबला.
आवाजही झाला नाही म्हणावा असा.
गोलाई परत आली.

पुन्हा नाडी. पुन्हा फिल्म. पुन्हा कापूस.
बिल्ल्याची जागा अजून मुकी.
येईल का? बापानं विचारलं.
बहुधा. काही आठवड्यांत, काही महिन्यांत.
आणि शरदातल्या सामन्याला?
मी झोळीची गाठ मानेमागे आवळली.
या वयात निखळलेला खांदा
बाहेरची वाट विसरत नाही, असानकुल-आता.
त्याला घोड्यावर बसवू नकोस.

तो काही बोलला नाही.
बादली सोडवली, बाहेर नेली,
आणि पोराचा घोडा,
गुडघा सोललेला, घाम वाळलेला,
तळ लागेपर्यंत ते पाणी प्याला.