दहावा भाग

खरांगण्याच्या वाचनालयात दर शनिवारी
ट्यूबलाइट लागेपर्यंत एकच वाद:
खरा दहावा भाग कोणता?

'सातदरीची मशाल' नवव्यातच थांबली.
नीलकेतू उंबऱ्यावर, एक पाय आत,
आतून कुणी त्याला लहानपणीच्या नावानं हाक मारतं,
आणि पुढच्या पानावर दंतमंजनाची जाहिरात.
लिहिणारा तेवढ्यात गेला.

मग नागपूरच्या कुणी त्याला राजा केला,
अकोल्याच्या कुणी राक्षसाचा जावई.

"जावई कायले?" भोयर पोस्टमन भडकतात.
"नऊ भाग तलवार घासली, ते पंगतीत बसाले?"
"राजा झाला का मानूस झोपते," हाफिज मिस्त्री म्हणतात,
"जावयाले झोप नसते."
चुडामण मास्तरांनी दोन्ही प्रती एकाच फळीवर ठेवल्यात,
मधे जुनं पंचांग घालून.

तिसरा मला परत आलेल्या पुस्तकांत सापडला.
शंभर पानी वही, मागं पाढे, नाव नाही.
यात तो आत जातच नाही.
उंबऱ्यावर बसतो, मशाल विझवतो,
आतल्या आवाजाला म्हणतो, तूच ये बाहेर.

पंखा तेवढा कुरकुरला.
भोयरांनी वही डोळ्यांजवळ नेली,
अक्षर पाहिलं, आणि पुटपुटले,
"दिवसातून तीनदा. जेवल्यावर."

आरोग्य केंद्रातल्या सिंधू ढोबळे
कोपऱ्यात पेपर वाचत होत्या.
पान उलटायचं विसरल्या होत्या.

मास्तरांनी रजिस्टर उघडलं,
लेखकाचा रकाना कोरा सोडला.

"पन हा बी काही खरा नाई," भोयर म्हणाले,
आणि वही टपालाच्या थैलीत घातली,
सगळ्यात खाली.