राहून गेलेलं नाव

पहाटे चारला यांगझोम फेरा सुरू करते,
स्तूप उजव्या हाताला ठेवून,
करपलेल्या लोण्याच्या वासातून,
भुंकून दमलेल्या कुत्र्यांमधून.

माझी किटली उकळेपर्यंत तिचे तीन फेरे होतात.
मग घोटाघोटानं ती गोष्ट सांगते:

कोंबड्या पाळणारी एक बाई होती,
चार नवऱ्यांची चार पोरं पदरात.
राजाकडे जागा मागितली,
एका म्हशीच्या कातड्यात मावेल तेवढी.
राजा हसला, हो म्हणाला.
बाईनं कातडं चिरलं, चिरतच राहिली,
केसाएवढी वादी काढली
आणि हे सगळं पटांगण वेढून टाकलं.
दरबार चिडला. राजा म्हणाला,
तोंडातून गेलं ते गेलं.

बौद्धनाथात इथवर सगळेच सांगतात.
पाव्हण्यांना इथवरच आवडतं.

बाई मेली, पोरांनी काम पुरं केलं,
वर उभं राहून पुढचे जन्म मागितले,
कुणी राज्य, कुणी विद्या.
माती वाहिलेलं जनावर खाली उभं होतं,
पाठ सोललेली, कान टवकारलेले,
आता आपलं नाव येईल म्हणून.
नाही आलं.
कुणी म्हणतं हत्ती होता, कुणी म्हणतं गाढव.
बघ, तेही कुणाला नीट आठवत नाही.
ते म्हणालं, पुढल्या जन्मी
हे सगळं मोडायला येईन.

भूकंपानं कळस तडकला त्या साली
सिंगबीर तामांग विटा चढवायचा,
पट्टा कपाळावर, पाटी पाठीवर.
काम झालं. दुसरी एक पाटी लागली,
दगडाची, देणाऱ्यांच्या नावांची.
तो दगडही त्यानंच वाहून आणला होता.
वाचता येत नव्हतं, म्हणून मला विचारलं,
यात काय काय आहे.
मी वाचून दाखवलं.
बराच वेळ लागला.

यांगझोम हल्ली प्रार्थनेच्या शेवटी,
सगळ्या जीवांचं भलं मागून झालं की,
सुटी नावं घेते:
सिंगबीर. त्याची बायको सानुमाया, वाळू चाळणारी.
भक्तपूरच्या वीटभट्टीवरची दोन खेचरं,
काने आणि धुर्पी.

आज चहा अर्धा टाकून उठली.
"धुर्पी राहिली," म्हणाली.

नाव राहिलं होतं ती जागा
चार पावलं मागेच होती.
पण इथे उलटं चालत नाहीत.
गुडघ्यावर हात टेकत
ती अख्खा फेरा घालायला निघाली.